फटाके कुठल्या पेठेत वाजले?

आमच्या आत्तींना फुटबॉलमधलं ऑफसाइड म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण सामना कोण जिंकलं हे त्या टीव्ही, मोबाइल काहीही न बघता सांगायच्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. कोल्हापुरातल्या पेठांच्या फुटबॉल लीगचा सामना असला की चार वाजल्यापासून त्या माडीवरच्या गॅलरीत मेथी नाहीतर घेवडा निवडायला घेऊन बसायच्या. शाहू स्टेडियमकडून एकदम आवाजाची लाट यायची. म्हणजे गोल झाला. कुणी केला ते लाटेवरून कळत नाही, त्यासाठी सामना सुटेपर्यंत थांबावं लागतं. फटाक्यांची पहिली माळ ज्या अंगाला लागेल ती पेठ जिंकली. पूर्वेकडून, मिरजकर तिकटीच्या बाजूनं आवाज आला तर मंगळवार पेठ. आपल्याच गल्लीच्या तोंडाशी कानठळ्या बसल्या तर शिवाजी पेठ.

मी मंगळवार पेठेची लेक आणि शिवाजी पेठेची सून. पूर्वेकडून आवाज आला की आत्ती माझ्याकडं न बघता, हातातली जुडी न सोडता म्हणायच्या, "तुझ्या माहेरचं वाजाय लागलंय बघ." मग उठून आत जायच्या आणि भाजी त्या दिवशी जरा जास्तच तिखट व्हायची.

हे सगळं लिहायला घेतलं ते माझ्या भाचीच्या एका प्रश्नामुळं. ती पुण्यात वाढली. २९ जून २०२४ च्या रात्री बार्बाडोसला भारतानं दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवलं आणि टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तेव्हा तिचा फोन आला. मी शिवाजी चौकाच्या जवळपास होते. हलगी, शिट्ट्या, दुचाक्यांचे हॉर्न यात मला तिचं अर्धं बोलणं ऐकूच येत नव्हतं. ती ओरडून विचारत होती, "मावशी, कोल्हापुरात यापेक्षा मोठं काही असतं का गं?" मी "असतं, असतं" म्हणाले आणि फोन तुटला. काय असतं ते सांगायचं राहून गेलं. आणि त्या पावसाळ्यात तो प्रश्न या ना त्या निमित्तानं परत परत पुढं येत राहिला.

त्या जुलैत पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडली. गावात दुसरं बोलणंच नव्हतं, कुठल्या गल्लीत पाणी आलं, कुठली जनावरं हलवली, कुठला रस्ता बंद झाला. अशात १ ऑगस्टला दुपारी एक वाजता आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत एका मोबाइलभोवती आम्ही आठ-नऊजणी डोकी घालून बसलो होतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे नेमबाजीच्या अंतिम फेरीत होता. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. पन्नास मीटर रायफल, तीन पोझिशन. आधी गुडघा टेकून, मग पोटावर झोपून आणि शेवटी उभं राहून नेम धरायचा. गुडघ्यावर तो सहावा होता, झोपून पाचवा झाला, आणि उभं राहिल्यावर एकेक करून पुढं सरकत तिसऱ्यावर आला. ४५१.४ गुण आणि कांस्यपदक. आमच्या शाळेचे शिपाईमामा राधानगरीकडचे. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, मला तरी कुठं कळत होतं! पण पदक नक्की झालं तसे ते बाहेर गेले आणि छत्री न घेता, भिजत, पेढे घेऊन आले. ओल्या हातानं त्यांनी प्रत्येकीच्या तळहातावर पेढा ठेवला. पेढ्याला पावसाचं पाणी लागलेलं होतं.

मला त्या दिवशी रडू आलं, हे मी लपवणार नाही. या गावानं नेमबाजीत त्याच्याआधीही मोठी माणसं दिली आहेत. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. पोहण्यात वीरधवल खाडे बीजिंग ऑलिंपिकपर्यंत गेला. पण ऑलिंपिकचं पदक ते पदक. आणि आमच्याकडं ते नाव निघालं की पाठोपाठ खाशाबा जाधव येतातच. एकट्याच्या बळावर मिळवलेलं महाराष्ट्राचं पहिलं ऑलिंपिक पदक १९५२ चं, हेलसिंकीचं, आणि दुसऱ्यासाठी ७२ वर्षं थांबावं लागलं.

खाशाबांचं गाव गोळेश्वर, कऱ्हाडजवळचं, म्हणजे सातारा जिल्ह्यातलं. तरी आमच्या गावाला ते आपलेच वाटतात, कारण ते राजाराम कॉलेजचे. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर सात हजारांना गहाण टाकलं. ही गोष्ट मी पाचवीत असताना आण्णांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून ऐकली. तेव्हा मला खाशाबांपेक्षा खर्डेकरांच्या घरातल्या माणसांचं वाटलं होतं. एका संध्याकाळी घरचा कर्ता येऊन सांगतो की घर गहाण टाकलंय, एक पोरगा कुस्ती खेळायला जाणार आहे. त्या घरात त्या रात्री काय बोलणं झालं असेल? पुढं खाशाबा पदक घेऊन आले, त्यांच्या मिरवणुकीला शंभराहून जास्त बैलगाड्या होत्या, आणि त्यांनी कुस्त्या लावून पैसे उभे करून ते घर सोडवलं. मला आजही या सगळ्यात पदकापेक्षा ते घर मोठं वाटतं.

मग भाचीला हेच सांगायचं का, की ऑलिंपिक? त्या संध्याकाळी मी बाजारात गेले होते. सगळे आनंदात होते, अनोळखी माणसं एकमेकांना सांगत होती, आपल्या राधानगरीचा पोरगा. तरी कशाची तरी उणीव वाटत होती. घरी येईतोवर लक्षात आलं की चिडवायला कुणी नव्हतं. सुवर्ण चीनच्या खेळाडूला, रौप्य युक्रेनच्या. त्यांची गल्ली काही आमच्या गल्लीला लागून नाही. आमच्याकडं आनंद पुरा व्हायला समोर हरलेलं एक ओळखीचं तोंड लागतं, आणि त्या तोंडानं उद्या सकाळी दूध कट्ट्यावर आपल्या शेजारी उभं राहावं लागतं.

आण्णांचं उत्तर वेगळं होतं. त्यांच्या मते एकच मान, महाराष्ट्र केसरीची गदा.

आण्णा तालमीत वाढले. पैलवान झाले नाहीत, पण मातीचा वास त्यांच्या अंगात शेवटपर्यंत होता. लहानपणी ते मला खांद्यावर बसवून खासबागेत, कुस्तीच्या मैदानात घेऊन जायचे. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले होते, रोमचं ते जुनं गोल मैदान त्यांच्या डोळ्यांसमोर राहिलं आणि १९१२ मध्ये खासबाग उभं राहिलं. मध्ये खोलात हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेल्या बैठका, त्यामुळं शेवटच्या ओळीतल्या माणसालाही पैलवानाचा पाय कुठं पडला ते दिसतं. आण्णा म्हणायचे, "इथं वशिल्याची जागा न्हाई. हिकडनं बसा न्हाईतर तिकडनं बसा, कुस्ती तेवढीच दिसती." हौद्यातली ती लाल माती हळद, ताक, तेल घालून मऊ केलेली असायची. जोड ठरली की दोघं मूठभर माती एकमेकांच्या अंगावर टाकायचे. हलगी वाढायची. आणि कुस्ती निकाली झाली, पाठ लागली, की जो आवाज उठायचा तो मी दुसरीकडं कुठंच ऐकला नाही.

पहिला हिंद केसरी १९५९ साली श्रीपती खंचनाळे झाले आणि पुढच्या वर्षी गणपतराव आंदळकर. आण्णांच्या पिढीला ही नावं देवघरातल्या नावांसारखी. दादू चौगुले १९७० आणि ७१ ला महाराष्ट्र केसरी, आणि २००० साली त्यांचा मुलगा विनोद चौगुले. बापाच्या खांद्यावर आलेली गदा मुलाच्या खांद्यावर आलेली आण्णांनी पाहिली. आणि त्यानंतर कोल्हापूरची गदा थांबली. एक वर्ष, दोन वर्षं, पाच, दहा. दरवर्षी महाराष्ट्र केसरीच्या दिवसांत आण्णा सकाळी पेपर उघडायचे, आतलं खेळाचं पान बघायचे आणि घडी घालून ठेवून द्यायचे. पुणं, सोलापूर, जळगाव, सगळीकडं गदा फिरत होती. ज्या गावाला कुस्तीची पंढरी म्हणायचं त्या गावात ती येत नव्हती. हे दुःख बाहेरच्याला कळणं अवघड आहे. तालमी होत्या, वस्ताद होते, खुराक होता, थंडाईची भांडी घासली जात होती, बाहेरगावची पोरं येऊन इथंच तयार होत होती आणि आपापल्या जिल्ह्यासाठी जिंकत होती.

एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला ५-४ नं हरवलं. एकवीस वर्षांनी गदा कोल्हापूरला आली. आण्णा टीव्हीपुढं उभे होते, शेवटची काही मिनिटं बसलेच नाहीत. निकाल लागला तसे ते खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आली बाई." जणू सासुरवाशीण लेक खूप दिवसांनी घरी आली. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

म्हणून कुणी वयस्कर माणसानं गदा म्हटलं तर मी वाद घालत नाही. तो मान एकवीस वर्षं वाट बघून मोठा झालेला आहे. स्वप्निलच्या पदकानंतर आठवड्यानं, ८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. नाट्यगृह आणि खासबाग एकमेकांना लागून. लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. आण्णांचा पहिला प्रश्न होता, "मैदान?" नाट्यगृहाचं त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही, संगीत नाटकांसाठी त्यांनीच रात्री जागवल्या होत्या. पण तोंडातून आधी मैदान आलं.

विश्वचषक फुटबॉलचं मात्र मी थोडक्यात आवरते. आमच्याकडं चौकाचौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे उंचच्या उंच कटआउट लागतात, घरं ब्राझीलच्या नाहीतर अर्जेंटिनाच्या रंगात रंगतात. १८ डिसेंबर २०२२ ला अर्जेंटिना टायब्रेकरवर जिंकली तेव्हा माझा भाऊ रात्रभर घरी आला नाही. सुंदर असतं ते सगळं. पण मला ते पेठेच्या फुटबॉलची सावली वाटतं. ब्राझील-अर्जेंटिनाची बाजू आपण घेतो ती सोमवारी घेतली, मंगळवारी सोडली तरी चालते. पेठेची बाजू जन्माबरोबर येते. फक्त माझ्यासारख्या बायकांना ती लग्नात दुसऱ्यांदा मिळते.

आता माझं उत्तर. केएसएची लीग.

केएसए म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, आणि लीगमध्ये सोळा संघ. त्यांची नावं बाहेरच्या माणसानं वाचली तर त्याला वाटेल ही कुस्तीची यादी आहे. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. तालमी निघाल्या कुस्तीसाठी, आणि पुढं त्याच तालमींनी फुटबॉल उचलला. हौद्यात शड्डू ठोकणाऱ्याच्या नातवानं बूट घातले. त्यामुळं संघ कंपनीचा नाही, मालकाचा नाही, कट्ट्याचा आहे. गणपतीची वर्गणी गोळा करणारी तीच पोरं, पुरात लोकांना उचलून आणणारी तीच, मयतीला खांदा देणारी तीच आणि डाव्या बगलेतून चेंडू घेऊन पळणारीही तीच.

लीगनंतर नॉकआउट स्पर्धा होतात, त्यांचे चषक मोठे, बक्षिसं मोठी. मला तरी लीगच मोठी वाटते. एका दिवशीच्या नशिबावर लीग जिंकता येत नाही, सगळ्या तालमींशी खेळावं लागतं. हंगामभर घर त्यात गुंतलेलं असतं. माझ्या माहेरी सामन्याच्या सकाळी कुणी मोठ्यानं बोलत नसे. माझा भाऊ चार वर्षं राखीव खेळाडू होता. त्याची जर्सी आई वेगळी धुवायची, पिळायची नाही, दोन्ही खांदे धरून झटकायची आणि सावलीत वाळत घालायची. तो मैदानात उतरला किती वेळा? चार वर्षांत बोटावर मोजण्याइतका. पण जर्सी प्रत्येक सामन्याला तशीच धुतली गेली. काही हंगाम नायजेरियाचे खेळाडूही पेठांच्या संघांतून खेळले. आमच्या गल्लीत भाड्यानं राहणारा एकजण पहिल्या महिन्यात तांबडा रस्सा पिऊन डोळे पुसायचा, आणि जाताना आईकडून कांदा-लसूण चटणीची बरणी मागून घेऊन गेला.

या खेळाचं वाईटही मला माहीत आहे. स्टेडियमवरची भांडणं गल्लीत आली, दगड आले, पोरांवर गुन्हे दाखल झाले, स्पर्धा थांबवाव्या लागल्या. माझ्या भावाच्या कपाळावर तीन टाक्यांची खूण आहे. तो दगड कुठल्या बाजूनं आला ते मला ठाऊक आहे आणि इथं मी ते लिहिणार नाही. त्या रात्री माझे यजमान, हरलेल्या पेठेचे, मेव्हण्याला दुचाकीवर मध्ये धरून दवाखान्यात घेऊन गेले. मी मागं चालत होते. रक्त दोघांच्याही शर्टाला लागलेलं होतं. पेठेवर जीव असणं आणि पेठेसाठी दुसऱ्याच्या पोराचं डोकं फोडणं याचा काही संबंध नाही, आणि जे जाणते लोक पोरांना हे सांगत नाहीत त्यांच्यावर माझा राग आहे. तो अजून गेलेला नाही.

तरीही मी लीगच म्हणते. कारण तिच्यात हरलेला माणूस कुठं जात नाही. तो इथंच राहतो. गंगावेशीत म्हशीची धार काढून हातात फेसाळता ग्लास येईपर्यंत तो तुमच्या शेजारीच उभा असतो. त्याच्या बहिणीचं लग्न तुमच्या चुलतभावाशी झालेलं असतं. त्याला वर्षभर तुम्हाला तोंड दाखवायचं असतं, आणि पुढच्या वर्षी कदाचित तुम्ही त्याला. विश्वचषक चार वर्षांनी येतो, ऑलिंपिक चार वर्षांनी. ही लीग दर सकाळी येते.

आत्ती आणि आण्णा दोघंही असतानाचा एक सामना सांगते. लीगचा शेवटचा निर्णायक सामना, माहेर एका बाजूला, सासर दुसऱ्या बाजूला. आण्णांचे गुडघे तोवर गेले होते, स्टेडियमच्या पायऱ्या चढणं होत नव्हतं. घरी बसवेना म्हणून ते रिक्षा करून माझ्याकडं आले. गॅलरीत एका टोकाला आत्ती, दुसऱ्या टोकाला आण्णा, मध्ये मी आणि शेंगा फोडायचं सूप. मोबाइल लावू का विचारलं तर दोघंही नको म्हणाले. पूर्वार्धात एक लाट आली. दोघांनीही मान वर केली नाही. उत्तरार्ध सरत आल्यावर दुसरी लाट आली.

"बरोबरी झाली असंल," आत्ती म्हणाल्या.

"नायतर दोन झालं असतील," आण्णा म्हणाले.

"कुणाचं दोन, पावणं?"

आण्णा काही बोलले नाहीत. सूपातल्या शेंगा कधीच संपल्या होत्या, दोघांचे हात टरफलांत फिरत होते. सामना सुटायची वेळ टळून गेली. मग पूर्णपणे शांत झालं. गल्लीतली चार घरं, रस्ता, समोरच्या पत्र्यावरची कबुतरं, सगळं. मग थोड्या थोड्या वेळानं, एकेक, लहान लहान लाटा. टायब्रेकर. गोल, थांबणं, गोल, थांबणं. एकदा नुसता "हाऽऽ" असा आवाज आला, लाट नव्हे. कुणाचा तरी चेंडू बाहेर गेला होता नाहीतर गोलकीपरनं अडवला होता.

आणि मग पूर्वेकडून माळ लागली.

आत्ती लगेच उठल्या नाहीत. पदरावरची टरफलं झाडली, सूप बाजूला ठेवलं आणि आण्णांना म्हणाल्या, "पावणं, तुमच्या पेठेत वाजाय लागलंय आणि तुम्ही हितं काय करताय? जावा की. मी डबा करून ठेवतो, उद्या पाठवतो पोरीबरोबर." आण्णा नको नको म्हणत होते, पण त्यांचा एक हात टोपीकडं गेला होता.

ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. रिक्षा मिळायची आशाच नव्हती. मी गॅलरीतून बघत होते. गल्लीच्या तोंडाशी कट्ट्यावर आमची पोरं बसली होती, स्टेडियमवरून नुकतीच आलेली, जर्सीत, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्यांच्यातल्या एकाचा चेहरा रडून सुजलेला होता. आण्णा त्यांच्यापुढून खाली मान घालून, गुडघा सांभाळत चालले होते. त्या रडलेल्या पोरानंच उठून गाडी चालू केली.

"आण्णा, बसा. तिकटीपर्यंत सोडतो."

आण्णा त्याच्या खांद्याला धरून मागं बसले. गाडी पूर्वेकडं, आवाजाच्या दिशेनं वळली. दहा-पंधरा मिनिटांनी तो एकटाच परत आला. त्याच्या पाठीवर, जर्सीच्या नंबरावर कुणाच्या तरी हातचा गुलाल लागला होता. गाडी लावून तो कट्ट्यावर आपल्या जागी जाऊन बसला, आणि शेजारच्या पोरानं काही न विचारता हातानं तो गुलाल झाडून काढला.